पाय धुतले का त्यानं?

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते. ती तेवढ्यासाठीच गावाहून माझ्याकडे आली होती. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तिच्या तोंडी अजूनही औरंगाबादला. काळा चष्मा, दिवसातून चार वेळा थेंब, खाली वाकायचं नाही, आणि पंधरा दिवस डोक्यावरून आंघोळ नाही. बाकी सगळं तिला चालत होतं, पण डोक्यावरून पाणी न घेता राहायचं म्हणजे तिच्या हिशेबी माणूस दिवसभर पारोसाच. पट्टी निघाल्यापासून तिला निळा रंग नव्यानं सापडला होता. पिकलेलं पिवळं भिंग काढून साफ भिंग बसवलं की निळं आधीपेक्षा निळं दिसतं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते मी तिला समजावून सांगितलं तरी तिचं समाधान होईना. "ही बकिट नवी आणलीस का?" बादली चार वर्षांची. "आभाळ लई निळं दिसलालंय आज." आभाळ रोजचंच, सप्टेंबरातलं, अर्धं ढगाळ.

रविवारची दुपार होती. घरातली बाकीची मंडळी एका बारशाला गेलेली. आई फरशीवर सतरंजी टाकून, पेपर पसरून मेथी निवडत बसली होती आणि मी तिच्या मागे पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन एक सिनेमा लावला होता. बँकेतल्या एका मित्रानं पेन ड्राइव्हवर दिलेला. 'द रिटर्न', रशियन, 2003 सालचा. आंद्रेई झ्व्यागिन्त्सेव या दिग्दर्शकाचा पहिलाच मोठा सिनेमा आणि त्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च बक्षीस, गोल्डन लायन, मिळालेलं. मित्र म्हणाला होता, "सावकाश बघ. बापावर आहे." एवढंच. त्याला माझ्या घरचं काही माहीत नाही. आवाज ऐकून आईनं मान वळवली. भाषा कळत नव्हती, खालची इंग्रजी अक्षरं तिच्या कामाची नव्हती, पण पडदा सगळा निळा-करडा होता, त्यामुळे बहुतेक ती खिळली. पाण्यात उंच मनोऱ्यावरून उड्या मारणारी पोरं. एक धाकटा वरच राहतो, त्याला उडी मारता येत नाही आणि शिडीनं खाली उतरताही येत नाही, कारण उतरला तर पोरं भित्रा म्हणतील. कुडकुडत बसून राहतो. अंधारून येतं तेव्हा त्याची आई वर चढून येते. "आली बग माय," आई म्हणाली आणि मेथीकडे वळली.

पुढं दोघे भाऊ भांडत, पळत घरी येतात. दारात आई उभी. ती सांगते, हळू, वडील झोपलेत. पोरं आत डोकावतात. बारा वर्षांनी आलेला बाप खोलीत पडलेला आहे, गाढ झोपेत, आणि कॅमेरा त्याच्या पायथ्याकडून बघतो. मांतेन्या नावाच्या जुन्या इटालियन चित्रकाराचं मृत येशूचं चित्र जाणकारांना तिथं आठवतं. माझ्या आईला ते आठवायचं कारण नव्हतं. ती काडी हातात धरून पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली,

"दिवसाउजेडी झोपलाय. आल्यावर पाय धुतले का त्यानं?"

मी हसलो. आणि मग सिनेमा थांबवला.

थांबवला तो हसू आलं म्हणून नाही. "हळू, दादा झोपलेत," हे वाक्य मी शब्दशः ऐकलेलं होतं. 1998 च्या मे महिन्यात, आमच्या नव्या गावातल्या घराच्या दारात. मी पिठाचा डबा खांद्यावर घेऊन गिरणीतून येत होतो, बारावीची परीक्षा देऊन लातूरहून सुट्टीला आलेलो, आणि माझी तेरा वर्षांची बहीण बेबी उंबऱ्यावर आडवा हात लावून उभी होती. दादा म्हणजे वडील. बेबी चार वर्षांची असताना ते गेले होते. तिला त्यांचा चेहरा आठवत असण्याचं काही कारण नव्हतं, पण तिनं 'दादा' असं म्हटलं की जणू ते सकाळी शेतावर गेले आणि दुपारी आले.

गेले होते ते 1989 च्या दिवाळीनंतर. हाळीच्या बाजारातून देवणी गोऱ्हा आणतो म्हणून. विहिरीच्या कर्जाचं ओझं होतं, विहिरीला पाणी लागलं नव्हतं, भावकीत बोलाचाली झाली होती. ही सगळी कारणं मी मोठा झाल्यावर लोकांकडून गोळा केली, पण खरं सांगायचं तर त्यातलं एकही कारण साडेआठ वर्षांना पुरत नाही. आमच्या भागात बाप घरातून जाणं ही काही बातमी नसते. शेजारच्या बीड जिल्ह्यातून तर दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीची उचल घेतलेली जोडपी मुकादमाच्या ट्रकात कोयत्यासकट चढतात, लेकरं म्हाताऱ्यांपाशी राहतात आणि पाडव्याच्या पुढंमागं घरं पुन्हा उघडतात. कुणाचा बाप पुण्याला, कुणाचा हैद्राबादला बांधकामावर. पोरांना त्याची सवय असते. गेलेला माणूस कधी येणार ते माहीत असतं, एवढंच. आम्हाला ते माहीत नव्हतं. पहिली दोन वर्षं आई रस्त्यावर बैलाच्या घुंगराचा आवाज आला की उठायची. मग उठणं बंद झालं, पण भाकरी मात्र एक जास्तीची टाकायची. ती सकाळी मला शिळी खावी लागायची. दादांवरचा माझा पहिला राग हा शिळ्या भाकरीचा आहे.

मग भूकंप झाला.

तो मी इथं सांगत बसणार नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे तीन छप्पन. गणपती बुडवून लोक नुकतेच आडवे झाले होते, तेरणेच्या खोऱ्यातली दगड-मातीची माळवदाची घरं झोपलेल्या माणसांवर बसली. हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्या घरात आजी माळवदाखाली होती, आई आणि बेबी पत्र्याच्या पडवीत, मी देवळापुढच्या मांडवात पोरांसोबत. कोण कुठं झोपलं होतं यावर कोण राहिलं ते ठरलं. आजी म्हणजे दादांची आई. तिला काढायला दुपार झाली. माझ्या मनात त्या दिवसाचं बाकी फारसं काही नाही, पाऊस आहे आणि ओल्या मातीचा एक वास आहे जो मला अजूनही घर पाडतात तिथं आला तर मी रस्ता बदलतो.

पण त्यानंतरचे आठवडे नीट आठवतात. रेडिओवर किल्लारीचं नाव होतं, सास्तूरचं होतं. साऱ्या देशातून ट्रक येत होते. ज्यांचे कधी नाव ऐकलं नाही अशा गावांतली माणसं कपडे, भांडी, बिस्किटं घेऊन चिखलात उतरत होती. मुंबईत कामाला असलेले, सुरतेला असलेले, घर सोडून गेलेले, भांडून गेलेले, सगळे आले. आमच्या गल्लीतला एकजण पंधरा वर्षांपूर्वी पळून गेलेला, तोही आला आणि ढिगाऱ्यावर बसून राहिला. आई पत्र्याच्या शेडच्या तोंडाशी बसायची, आलेल्या प्रत्येक वाहनातून उतरणारी माणसं बघायची. कुणाची वाट बघतेस असं मी विचारलं नाही. ती सांगणारही नव्हती.

याद्या करायला माणसं आली तेव्हाची गोष्ट. घरातली माणसं किती, गेली किती, जखमी किती. मरणाच्या प्रत्येक नावामागे सरकार मदत देणार होतं. चुलत्यानं आईला बाजूला घेतलं. वाईट मनानं नव्हे, हे आता कळतं. म्हणाला, "वहिनी, लिहून टाका. घरातच झोपले होते म्हणून. नायतरी चार वर्षं झाली. लेकरांना काहीतरी हाती लागंल." मी शेजारीच उभा होतो, तेरा वर्षांचा. यादी करणाऱ्याच्या मांडीवर लाकडी पाटी, तिच्या चिमट्यात अडकवलेले कागद, कागदाचा कोपरा पावसानं भिजून मऊ झालेला. त्यानं विचारलं, घरधनी? आई म्हणाली, "हाळीला गेलेत. बैल आणायला."

त्याचं पेन थांबलं. त्यानं आईकडे बघितलं, चुलत्याकडे बघितलं, आणि 'परगावी' असं लिहिलं.

मला त्या क्षणी आईचा एवढा राग आला होता की रात्री मी तिच्याकडे पाठ करून झोपलो. मला पैसे हवे होते म्हणून नाही. मला ते नाव त्या यादीत हवं होतं. गावात ज्या पोरांचे बाप गेले त्यांना निदान सांगता येत होतं. लोक त्यांच्या डोक्यावरून हात फिरवत होते. मला काय सांगता येत होतं? बैल आणायला. साडेआठ वर्षांनी दादा खरंच घरात झोपलेले दिसले तेव्हा पिठाचा डबा खांद्यावर घेऊन मी दारात उभा राहिलो आणि माझ्या मनात पहिला विचार जो आला तो असा की हा माणूस त्या यादीत असायला हवा होता. हे मी आजवर कुणाला बोललो नाही. लिहायला सोपं जातं.

सिनेमातली दोन्ही पोरं बापाला बघून धावत माळ्यावर जातात, एक जुना फोटो शोधून काढतात, हाच का तो, हे पडताळतात. आमच्याकडे पडताळायला काही नव्हतं. लग्नाचा फोटो होता तो भिंतीसकट गेला. मी आपला झोपलेल्या माणसाच्या कानाकडे बघत होतो, कारण लोक म्हणायचे तुझे कान तुझ्या बापावर गेलेत. केस ओले होते, मागं सारलेले. मे महिन्यातल्या तीन वाजता, पत्र्यासारखं तापलेल्या घरात, तो माणूस ओल्या डोक्यानं झोपला होता.

ओल्या डोक्याची गोष्ट मला बेबीनं नंतर, कुजबुजत, डोळे मोठे करून सांगितली. दादा आधी जुन्या गावात गेले. तिथं काय, बाभळी आणि दगड. घर कुठं होतं ते त्यांनी देवळावरून मापलं म्हणे. शेळ्यांमागच्या एका पोरानं सांगितलं, गाव तिकडं गेलंय. मग ते उन्हातून चालत नव्या गावात आले. बावन्न गावं अशी उठवून दुसरीकडे बसवली; सरळ रस्ते, सारख्या घरांच्या रांगा, ज्याची जेवढी जमीन तेवढं घर. भूमिहीनाला आणि हेक्टरभरापर्यंतच्याला अडीचशे फूट, सात हेक्टरांपर्यंत साडेचारशे, त्यावर साडेसातशे. आमचं साडेचारशेचं. गंमत अशी की जमीन दादांच्या नावे, यादीत ते 'परगावी', म्हणून घराच्या कागदावरही नाव त्यांचंच लागलं होतं. स्वतःच्या नावाचं घर त्यांना गिरणीवाल्याला विचारत शोधावं लागलं. बेबी म्हणाली, ते दारात आले, खांद्यावर खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. आई ज्वारी पाखडत होती. तिनं वर बघितलं. कुणीच काही बोललं नाही. मग दादांनी घरात नजर फिरवली आणि विचारलं, "म्हातारी कुठंय?"

आई उठली. पाण्याची घागर उचलली. बेबीला वाटलं, पाय धुवायला देतेय. दादांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते दगडापाशी जाऊन वाकले. आणि आईनं ती घागर त्यांच्या डोक्यावर ओतली. अख्खी.

"अख्खी घागर, दादा," बेबी म्हणाली. ती मलाही दादाच म्हणायची. त्या दिवसापासून घरात दोन दादा झाले आणि बरेच घोळ झाले. तिला धक्का बसला होता तो पाण्याचा. तुम्ही मराठवाड्यातले नसाल तर हे जरा थांबून समजून घ्यायला हवं. आमच्याकडे पाहुणा आला की आधी तांब्या देतात, पाय धुवायला, मग प्यायला. पण उन्हाळ्यात त्या तांब्यातलं पाणी पाहुण्याच्या नात्याप्रमाणे कमीजास्त होतं. जावई असेल तर भरून, रोजचा असेल तर पाऊण. पाय धुतलेलं पाणीही दगडावरून वाहून कढीपत्त्याच्या आळ्यात जाईल अशी सोय असते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा टीव्हीवाल्यांना ते नवल वाटलं. आम्हाला एवढंच वाटलं की आता रेल्वेनं येतंय, आधी डोक्यावरून यायचं. मे महिन्यात, हातपंपावर दोन तास उभं राहून आणलेली घागर आई एका माणसाच्या डोक्यावर रिकामी करते, याचा अर्थ तेरा वर्षांच्या बेबीनं आणि अठरा वर्षांच्या मी एकच लावला. आईनं राग काढला. मला तर बरंच वाटलं. वाटलं, चला, निदान एवढं तरी केलं. त्यानंतर तिनं त्यांना वाढलं, ते जेवले, झोपले. संध्याकाळी उठल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "कितवीला हायस?"

"बारावी दिली."

"पेपर कसे गेले?"

साडेआठ वर्षांनंतर बाप आणि लेक एवढंच बोलले, आणि आता विचार केला तर बाकीच्या घरांतही त्या महिन्यात याहून वेगळं काही बोलणं चाललं नसणार.

सिनेमात मोठा मुलगा बापावर भाळतो आणि धाकटा, इव्हान, अडून बसतो. आमच्याकडे उलटं झालं. बेबी दुसऱ्या दिवशी त्यांच्या पाठीवर घामोळ्याची पावडर लावत होती. मी अडून बसलो. सिनेमातला बाप पोरांना बजावतो की मला पप्पा म्हणा, 'हो पप्पा' असं उत्तर द्या, आणि इव्हानच्या घशातून तो शब्द निघत नाही. दादांनी असला हट्ट कधी धरला नाही, पण मीही तो शब्द दिला नाही. मराठीत याची फार चांगली सोय आहे. 'तू' म्हणायला नको, 'तुम्ही' म्हणायला नको. "जेवायला बोलावलंय." "पेपर वाचून झाला का?" "मोटार बंद करायची राहिली." कर्ता गाळून माणूस अख्खं आयुष्य काढू शकतो. मी तीन वर्षं काढली. व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणी प्रयोगाचे जे उपयोग देतात त्यात हा एक घालायला हवा.

आणि ते गेले होते कुठं? हे सगळ्यात आधी विचारायचं, असं मी नवव्या वर्षापासून ठरवून ठेवलेलं. विचारलं नाही. सुरुवातीला माझा ताठा म्हणून, नंतर भीती म्हणून, शेवटी सवय म्हणून. उत्तर तुकड्या-तुकड्यांनी घरात पडलेलं असायचं. पिशवीत लुंगी, दाढीचं सामान, एक थापी आणि एक ओळंबा निघाला, म्हणजे गवंडीकाम केलं. भाकरी मोजताना, सुट्टे पैसे मोजताना ओठांतल्या ओठांत "ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू" चालायचं, म्हणजे तेलुगू मुलखात. निजामाच्या काळापासून आमच्याकडच्या माणसाचे पाय अडलं-नडलं की हैद्राबादकडे वळतात, त्यात नवल नाही. दर दिवाळीला ते तालुक्याला जाऊन एक मनिऑर्डर करतात, हे मला एकदा एका ओळखीच्या माणसानं आडून सांगितलं. मी घरी आलो तेव्हा आई चकल्या तळत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की तिला ते माहीत आहे, आणि मला कळलंय हेही तिला कळलं. "सोऱ्या धर," ती म्हणाली. सिनेमातला बाप पोरांना एका बेटावर घेऊन जातो, तिथं जमीन खणून एक पेटी काढतो. त्या पेटीत काय होतं ते शेवटपर्यंत कळत नाही. मित्र म्हणाला हा सिनेमाचा दोष आहे. मला अजिबात वाटत नाही.

नव्या घराच्या भिंती दादांना पसंत नव्हत्या. दिवसभर ते बोटाच्या पेराने भिंती वाजवत फिरायचे. "पोकळ वाजतंय," म्हणायचे. 2001 च्या उन्हाळ्यात त्यांनी मागच्या खोलीचा गिलावा खरवडून काढला आणि मला स्टुलावर उभं केलं. वरून दोरी धरायची, खाली ओळंबा लोंबतो, ते उकिडवे बसून एक डोळा मिटून बघणार. ओळंब्याचं वजन पितळेचं, खाली निमुळतं, वापरून वापरून हरभऱ्याच्या डाळीसारखं पिवळं झालेलं. ते डावीकडं जातं, उजवीकडं जातं, थोडं फिरतं. मी हातानं थांबवायला गेलो. "हात लावू नको. थांबतंय आपुआप." आम्ही दोघे थांबलो. बराच वेळ. मिस्त्रीच्या कामातला एवढा मोठा भाग नुसतं थांबण्यात जातो हे मला माहीत नव्हतं. वजन थांबलं तेव्हा भिंत वरून अर्ध्या बोटानं बाहेर होती. सिनेमातला बाप पोरांकडून होडीला डांबर लावून घेतो, वादळात वल्ही मारायला लावतो, आणि ती पोरं त्याच्यावर चिडत चिडत ते शिकत जातात. उरलेला सिनेमा रात्री एकट्यानं बघताना मला स्टुलावरचं ते उभं राहणं आठवलं, खांदा भरून आलेला, आणि अचानक बोटांतून निसटलेली दोरी. "दादा, दोरी सुटली," मी म्हणालो. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. "गाठ मार तिला," म्हणाले.

2009 मध्ये ते वारले. अकरा वर्षं राहिले, म्हणजे नव्हते त्यापेक्षा जास्त. हा हिशेब मी काही उगाच केलेला नाही. तो जुळतो की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

त्या सिनेमाची अजून एक गोष्ट वाचली ती डोक्यातून जात नाही. मोठ्या भावाचं काम करणारा व्लादिमिर गारिन, सोळा वर्षांचा मुलगा, चित्रीकरण झालं त्याच भागातल्या एका तळ्यात पोहताना बुडाला. व्हेनिसला सिनेमा दाखवला गेला त्याच्या साधारण दोन महिने आधी. पडद्यावर सुरुवातीलाच तो मनोऱ्यावरून पाण्यात उडी मारतो आणि वर येतो. हे माहीत झाल्यावर ती उडी मी तीनदा मागे घेऊन बघितली. शेवटी होडी बापाचं शव घेऊन बुडते, आणि ज्याच्या घशातून शब्द निघत नव्हता तो इव्हान पाण्यात धावत 'पप्पा, पप्पा' म्हणून ओरडतो. मग नुसते काळे-पांढरे फोटो येतात, प्रवासातले, घरातले. प्रवासाच्या फोटोंत बाप कुठंच नाही.

पण हे रात्रीचं. दुपारी सिनेमा त्या झोपलेल्या माणसावर थांबलेला होता आणि आईला थेंब टाकायची वेळ झाली होती. मी तिला पलंगावर आडवं केलं. चष्मा काढला. खालची पापणी ओढली की तिचा डोळा अजून थोडा लाल दिसत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, त्या दिवशी तू दादांच्या डोक्यावर घागर का ओतलीस?"

ती छताकडे बघत होती. निळ्या रंगाचं काही नव्हतं तिथं. एक थेंब पडला, ती मिचकली.

"मग काय करायला पायजे होतं?"

"मला वाटलं, तुला राग आला."

"राग?" तिला खरंच नवल वाटलं. "त्यांची माय गेलेली. पाच वर्षं झालती. लेकाला ठाव नाही. उशिरा कळलं तरी अंगावर पाणी घ्यावं लागतंय का नाही? तसं कसं घरात घ्यावं." दुसरा थेंब. "आल्या आल्या इचारलं त्यांनी म्हातारी कुठंय. माझ्या तोंडून निघंना. मग वतलं पाणी. कळालं त्यांना."

"सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचंय? पाणी पडल्यावर खाली बसले की दगडावर. मी आत गेले भाकरी टाकायला. म्हणलं बसू द्यावं."

मी थेंबाच्या बाटलीचं झाकण लावत राहिलो. ते आट्यावर बसत नव्हतं. सत्तावीस वर्षं मी जी घागर राग म्हणून सांभाळली होती, आणि बायकोलाही तशीच सांगितली होती, ती बातमी होती. म्हणजे मी गिरणीत दळणाच्या रांगेत उभा होतो तेव्हा इकडं एक माणूस दगडावर बसून, अंगावरचं पाणी निथळत, आपली आई गेल्याचं ऐकत होता, आणि पुढं मी डबा घेऊन आलो आणि त्याचे ओले केस बघून खूश झालो. आईनं एवढी वर्षं हे का सांगितलं नाही, असं विचारणार होतो. पण तिच्या लेखी ते सांगण्यासारखं नव्हतंच. तिला वाटलं असणार, एवढं तर कुणालाही कळतं.

दहा मिनिटं डोळे मिटून पडायचं असतं. ती पाचच मिनिटांत उठली, चष्मा लावला, सतरंजीवर जाऊन बसली. मेथीची अर्धी जुडी राहिली होती. लॅपटॉपचा पडदा काळा झाला होता. मी बटण दाबलं तसा तो निळसर माणूस परत उजळला.

"उठला का मग तो?" आईनं विचारलं.

"उठला. जेवायला बसले सगळे. कोंबडी केलेली. बाप हातानं तोडून वाटतो पोरांना."

"हां," ती म्हणाली, आणि एक पिवळं पान वेगळं काढून बाजूला ठेवलं. "पण पाय धुतले का नाही ते दाखवलं नाही."